थेटर की मोबाईल

जळगाव, ८ एप्रिल

सारिकावहिनी,

तुझा मोबाईल राहिला नाही. तुझ्या नानांच्या मोबाईलवर फोन केला की ते आधी स्पीकर लावतात आणि मग तुमचं अख्खं घर मला 'कशी शेस व पुनम?' विचारतं. म्हणून कागद घेतला. पोस्टमन पिंपळनेरला तुमच्या दारात उभा राहिला की नानांना सांग, पुनमचं बी.ए. झालं तरी पेपर लिहायची खोड गेली नाही.

हात कसा आहे? प्लॅस्टर कधी काढणार? श्वास घेताना अजून दुखतं का?

उन्हाळ्याचे पिक्चर ठरवायचे राहिलेत. आपले दरवर्षीचे दोन, एक अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आणि एक शाळा उघडायच्या आधी. गल्लीतल्या बायका तुलाच विचारायला येतात. तू नाहीस म्हटल्यावर माझ्याकडे बघून नाक मुरडतात, कारण मला सगळेच पिक्चर आवडतात असा माझा लौकिक आहे. सुंदरबाई काकू काल म्हणाल्या, "माले फक्त इतलंच सांग, थेटरमा थंडं शे ना? मंग कोनता बी पिक्चर चाली." चव्वेचाळीस अंश तापमानात त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

मी मात्र तुझीच कसोटी लावून बसले आहे. एकटीने पाहिला तरी तेवढाच राहतो तो मोबाईलचा; शेजारच्या अनोळखी बाईने श्वास रोखल्याचं कळावं असं वाटतं तो थेटरचा. त्या हिशेबाने भुताचा थेटरचा. लग्नाच्या घोटाळ्याचा मोबाईलचा, त्यातले विनोद आप्पाच जास्त चांगले करतात. एक मास्तरणीचा येतोय. डोंगरातली शाळा आहे, नवरा मारतो, ती निघून जाते. त्याचं मला ठरवता येत नाही.

कुऱ्हाडवाल्या पिक्चरचा निकाल तू देऊनच टाकला होतास. इंटरव्हलला, हातात पॉपकॉर्न, समोर दादा, त्याचा मित्र वना आणि त्यांची सगळी मंडळी. "हा मोबाईलचा आहे," म्हणालीस. दादाने पहिल्या दिवशीच पाहिलेला, आणि आपल्याला मुद्दाम घेऊन गेलेला. वना म्हणाला, "नवल, तुन्ही बायकोनी तुन्हा हिरोले मोबाईलमा कोंडी टाका!" सगळे हसले. दादाही हसला, मी पाहिलं. त्यानंतर घरी जे झालं त्याबद्दल मी आज लिहीत नाही.

गल्लीत सगळ्यांना सांगितलंय की तू आखाजीसाठी माहेरी गेलीस. "इतक्या लवकर?" असं कुणी म्हटलं की आई म्हणते, मुऱ्हाळी लवकर न्यायला आला. तुझा भाऊ मुऱ्हाळी म्हणून आला नव्हता, बोलावल्यावर गाडी करून आला होता, हे घरच्यांनाच माहीत आहे.

आखाजी झाली की येशील ना?

तुझी,
पुनम


जळगाव, १५ एप्रिल

वहिनी,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मागचं पत्र लिहिताना आई शेजारी बसली होती. शेवटची ओळ तिने लिहून घेतली आणि हाताचं विचारायलाही तिनेच सांगितलं. पिक्चरचं तेवढं माझं होतं. आज ती सावद्याला मावशीकडे गेली आहे, म्हणून खरं लिहिते.

घरात सगळ्यांना तू परत हवी आहेस, पण प्रत्येकाला वेगळ्या कारणासाठी. आखाजीनंतर माहेरवाशिणी परततात आणि तू परतली नाहीस तर गल्लीला कळेल, याची आईला धास्ती आहे. आप्पांना काहीच नको असतं, पण तू गेल्यापासून त्यांच्या चहात साखर जास्त पडते अशी त्यांची तक्रार आहे. दादाचं मला कळत नाही. तो पहाटे पिकअप काढतो, सावद्याहून केळी भरतो, संध्याकाळी येतो. जेवताना तुझ्या जागेकडे पाठ करून बसतो. आणि कुऱ्हाडवाला बघायला जातो. चौथ्यांदा गेला तेव्हा मीही त्याच्यामागे गेले, वेगळं तिकीट काढून, वरच्या रांगेत बसले. त्याला माहीत नाही.

मला बघायचं होतं की त्यात आहे तरी काय. पहिल्या वेळी मी अर्धा पिक्चर तळहातामागून पाहिला होता. या वेळी डोळे उघडे ठेवले. हिरो गोदामात शिरतो आणि एकेकाला तोडतो. कवटी फुटल्याचा आवाज खुर्चीच्या पाठीतून आपल्या पाठीत येतो. एकाचा हात तुटून पडतो आणि बोटं हलत राहतात, तर अख्खं थेटर टाळ्या वाजवतं. मारण्याआधी तो प्रत्येकाला म्हणतो, "डोळे मिटू नको." ते वाक्य आलं की पोरं हिरोच्या आधी ओरडतात. माझ्या पुढे एक बाप मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. तीसुद्धा ओरडली.

खालच्या रांगेत दादा ओरडत नव्हता. शिट्ट्याही नाही. तो नुसता पुढे वाकून बघत होता. आपण स्वयंपाक शिकताना आईच्या हाताकडे बघतो, तसा.

वहिनी, मला वाटतं माणूस जे बघतो ते त्याच्यात उतरतं. मानसशास्त्राच्या पेपरात मी हेच लिहिलं होतं आणि मला चांगले मार्क पडले होते. दादाने आयुष्यात काय पाहिलं? आप्पांचा पट्टा पाहिला, ट्रकवाल्यांच्या मारामाऱ्या पाहिल्या आणि हे पिक्चर पाहिले. बाईच्या बाजूने काढलेला पिक्चर त्याला कुणी दाखवलाच नाही. शाळा सोडली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. माझी फी भरायला तो पिकअपवर चढला, हे मी विसरू शकत नाही. माझ्या शिक्षणाचा उपयोग या घरात कुणाला होणार असेल तर तो आधी त्याला व्हायला हवा.

आखाजीला मी त्याला मास्तरणीचा दाखवणार आहे. तिकिटं काढली. मित्र नकोत, आम्ही दोघंच.

हसू नकोस. किंवा हस. तुझ्या बरगड्या हसण्याइतक्या बऱ्या झाल्या असतील तर मला आनंदच आहे.

पुनम


जळगाव, २० एप्रिल

वहिनी, वहिनी,

तो रडला!

काल सकाळी खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. दारोदार झोके बांधलेले. माहेरी आलेल्या पोरी गात होत्या. पुरुष सगळे पत्त्यांना बसले होते, आखाजीला त्यांना कोण विचारतं? वनाने दादाला दोनदा हाक मारली. मी म्हटलं, "दादा, वर्षाचा सण आहे, बहिणीचं एक ऐक." तो आला. माझा विश्वासच बसेना.

थेटर अर्धं रिकामं होतं. हा पिक्चर कशाचा आहे हे लोकांना अजून कळलेलं नाही. दादा सुरुवातीला मोबाईल काढून बसला. मास्तरीण मुलांना बेरीज शिकवते, डबा खाते, डोंगर चढते, यात त्याला काय वाटणार? मग तिचा नवरा येतो. वहिनी, त्यात मारताना दाखवतच नाहीत. दार बंद होतं आणि कॅमेरा बाहेर अंगणात राहतो. कोंबड्या दाणे टिपतात. आतून भांडं पडल्याचा आवाज येतो, मग एक असा आवाज येतो की भांड्याचा नाही हे आपल्याला कळतं. बराच वेळ नुसत्या कोंबड्याच. शेजारची म्हातारी येते, दाराकडे बघते आणि कोंबड्यांना हुसकून निघून जाते.

दादाने मोबाईल खिशात घातला. थोड्या वेळाने मला त्याचा श्वास ऐकू आला. मी मान वळवली नाही, नुसते डोळे वळवले. गाल ओले होते. शर्टाच्या बाहीने पुसत होता. पुढे मास्तरीण पहाटे पोरांच्या वह्या तपासून कोनाड्यात ठेवते आणि एसटीत बसते, तेव्हा तर त्याला हुंदका आला. खरोखरचा. पुढच्या बाईने मागे वळून पाहिलं.

तुझ्या कसोटीत बसला, वहिनी. हा थेटरचा आहे. घरी मोबाईलवर असता तर त्याने पाचव्या मिनिटाला सरकवला असता.

बाहेर आल्यावर तो पिकअपला टेकला. मग म्हणाला, "लई मारं तिले." मी म्हटलं, "हो दादा." मग म्हणाला, "सारिकाले लिही. म्हनं, यी जाय." मी विचारलं, "आणि पुन्हा?" त्याने मान हलवली, नाही म्हणून. मी शपथ घ्यायला लावली नाही. रडणाऱ्या माणसाकडून शपथ घेणं मला हलकं वाटलं.

आता मी हे माझ्या मनाने लिहिते आहे. आई शेजारी नाही, कुणीच नाही. ये. नानांबरोबर ये. उरलेला पिक्चर आपण तिघं मिळून ठरवू. स्पीड पोस्टने पाठवते आहे.

तुझी पुनम


जळगाव, २४ एप्रिल

वहिनी,

येऊ नकोस.

हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचायला वेळ मिळाला नाही तरी चालेल. नानांचा काल फोन आला होता, रविवारी तुला घेऊन येतो म्हणाले. मी आज दोनदा उलट फोन केला. स्पीकरवर सांगितलं, आणू नका. नाना म्हणाले, "नणंद-भावजयचं जे काय शे ते हाई आल्यावर बोला," आणि ठेवून दिला. हे पत्र उद्या पोहोचेल की सोमवारी, सांगता येत नाही.

परवा संध्याकाळी वना आणि दोघं-तिघं ओट्यावर बसले होते. कुऱ्हाडवाल्याचा दुसरा भाग येणार म्हणून चाललं होतं. मी चहा घेऊन गेले. माझ्या मनात अजून आखाजीच होती. मी म्हटलं, "तुम्ही एकदा मास्तरणीचा बघा. आमचा दादा रडला. रडायलाही हिंमत लागते."

मला खरंच वाटलं होतं की मी त्याचा मान वाढवते आहे.

वना म्हणाला, "नवल रडना? बाईना पिक्चर देखीसन?" आणि सगळे जे हसले, त्यात कप खाली पडला. वनाने ओढणी धरल्यासारखं करून डोळे पुसून दाखवले. दादाही हसला. ते हसू मी आधी एकदा पाहिलेलं होतं. ओळखायला हवं होतं.

ते गेल्यावर तो आत आला आणि कडी लावली. मी कणीक मळत होते. पहिला फटका कानावर बसला आणि त्या कानात अजून शिट्टी वाजते आहे. मग केस धरून त्याने माझं तोंड परातीवर आपटलं. एकदा, मग परत. नाकातून आलेलं रक्त कणकेत पडलं. मी पडल्यावर पोटात लाथा. ओरडायला श्वास उरत नाही, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या वेळी मला वाटलं होतं, ही ओरडत का नाही?

टीव्हीचा आवाज वाढला. वहिनी, मी समजत होते की तुझ्या वेळीही तो दादाने वाढवला असेल. रिमोट आईच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. "लोके ऐकतीन," म्हणाली. बाहेरून आप्पा ओट्यावर बसल्या बसल्या ओरडत होते, "बस कर रे नवल, मरी जाई ती." ते उठले नाहीत.

त्याने कोपऱ्यातला घड कापायचा कोयता उचलला. माझी मान भिंतीला दाबून तो डोळ्यासमोर धरला आणि म्हणाला, "डोळे मिटू नको."

मी त्याच्या मनगटाला चावले. दात आत गेले, त्याचं रक्त माझ्या जिभेवर आलं. आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्याच्या हातून कोयता पडला तेव्हा मी तो उचलला होता. मी तो त्याच्यावर धरला आणि तो मागे सरला, आणि त्या क्षणी मारावं असं मला वाटलं. हे मी तुलाच सांगते. आई मध्ये आली. माझ्या हातातून कोयता तिने काढून घेतला. त्याच्या हातून काढायला ती आली नव्हती.

रात्री पडल्या पडल्या मी म्हणत होते, ते वाक्य त्याने पिक्चरमधून घेतलं. मग आठवलं, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात तुझ्या पाठीवर चहाचं पातेलं उपडं झालं होतं आणि तू 'हात निसटला' म्हणाली होतीस. तेव्हा कुऱ्हाडवाला आला नव्हता. वहिनी, तो रडला हे खरं होतं. तो ढोंग करत नव्हता. अंधारात बसून दुसऱ्याच्या बायकोसाठी तो पुन्हा रडेल. त्याचा तुझ्या बरगड्यांशी काही संबंध नाही, एवढंच मला कळलं नव्हतं, आणि मी तुला लिहिलं, ये.

माझं मागचं पत्र फाडून टाक. मी रविवारी धुळ्याला येते आहे. तुम्हाला गाडी तिथेच बदलावी लागेल.

पुनम


जळगाव, २८ एप्रिल

वहिनी,

आज विधीच्या घरून लिहिते आहे. माझ्याबरोबर कॉलेजात होती ती, दाणा बाजारातल्या माणकचंदशेठची मुलगी. तिच्या आईने, सज्जनबाईंनी, काही विचारलं नाही, फक्त दाराच्या आतून कडी कशी लावायची ते दाखवलं. काल विधीला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. हवालदार म्हणाले, "भावा-बहिणीचं भांडण आहे, ताई, मिटवून घ्या." मी म्हटलं, मी पदवीधर आहे, मला माझी तक्रार स्वतः लिहिता येते, कागद द्या. त्यात फक्त माझं लिहिलं. तुझं तू ठरवशील. इथून पुढे मी तुला 'ये' लिहिणार नाही आणि 'येऊ नको'ही लिहिणार नाही. आईने निरोप पाठवलाय की माझं तोंड बघायचं नाही. दादा पिकअप घेऊन सुरतकडे गेलाय म्हणतात.

रविवारी तू गाडीतून उतरली नाहीस. मला पाहिलंस, हे मी पाहिलं. मांडीवर पिशवी घट्ट धरून खिडकीशी बसली होतीस. पण आमचं बोलणं तुला ऐकू गेलं नसेल आणि नाना ते घरी सांगणार नाहीत. ते तुला माहीत असायला हवं, म्हणून हे पत्र.

मी सकाळपासून धुळ्याच्या स्टँडवर होते. उन्हात सगळ्या पोरींनी तोंडं बांधलेली, नुसते डोळे दिसत होते. माझंही बांधलेलं होतं. त्यात कुणी कुणाला विचारत नाही, फार सोय असते. जळगावहून निघाल्यापासून कुणी माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नव्हतं. पिंपळनेरची गाडी आत वळली तेव्हा मी स्कार्फ सोडला. बाकावरची एक बाई "अरे देवा" म्हणाली आणि तिने आपल्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं.

नाना आधी उतरले. जळगावची गाडी कुठे लागते ते विचारायला निघाले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी मला ओळखलंच नाही. मी म्हटलं, "नाना, मी पुनम." मग त्यांनी जवळ येऊन बघितलं. डोळा तेव्हा अजून उघडत नव्हता.

"तुले कोनी मारं?"

"दादाने."

"सख्खा भाऊनी?" ते म्हणाले. "काबरं?"

मी म्हटलं, पिक्चरवरून. वहिनीलाही पिक्चरवरूनच मारलं होतं. नाना, तुम्हाला माहीत नव्हतं का?

मग ते म्हणाले, "माले माहीत व्हतं. डॉक्टरकडे मीच लई गयथू." आणि मग, माझ्याकडे न बघता, "धाकलीनं लगीन ठरी ऱ्हायनं, पोरी. मोठी घर बशेल ऱ्हायनी ते लोके काय म्हनतीन?"

मला इतका राग आला, वहिनी. वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायचं नसतं, पण मी बोलले. म्हटलं, "नाना, सख्ख्या बहिणीला मारलं म्हणून तुम्ही हादरलात. परक्याच्या पोरीला मारलं ते तुम्हाला चालत होतं, आणि ती पोर तर तुमची आहे." म्हटलं, "मला बघा. मी त्याच्या रक्ताची आहे, माझी फी त्याने भरली, मी त्याची लाडकी आहे. तरी हे असं. हिला नेऊन सोडा आणि नंतर बोलावणं आलं की येताना गाडी मोठी करा, आडवं आणावं लागेल."

मी हे मोठ्याने बोलले. स्टँडवर माणसं थांबली होती. उसाच्या रसवाल्याने चरक बंद केला. एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, पोर खरं बोली ऱ्हायनी." मला वाटलं, आता नाना हात उचलतील. त्यांनी उचललाही. पण तो त्यांच्या स्वतःच्या टोपीकडे गेला. टोपी काढली, घाम पुसला, परत घातली.

मग ते गाडीकडे चालत गेले. तू उठत होतीस, पिशवी खांद्याला लावत होतीस. त्यांनी तुला खालूनच हाताने बस म्हणून खुणावलं, हे तू पाहिलंस. तुला वाटलं असेल, जळगावची गाडी अजून लागली नाही. ते पुढे गेले आणि कंडक्टरला म्हणाले, "भाऊ, हाई गाडी पिंपळनेरले मांगे कव्हय जाई?"

पुनम